मोरीचे राज्य आणि सिंकची सत्ता

निजामाच्या अमलातून १९४८ साली मुक्त झालेल्या आपल्या मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातील मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावीही, स्वयंपाकघरातील सत्तांतर मात्र ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलचे सिंक आल्यावरच पूर्ण झाले. पूर्वीची मोरी परसात उघडे, सांडपाण्यावर अळू आणि केळ पोसली जात, आणि भाजीची देठे दारची शेळी विनातक्रार फस्त करी. हेच कार्य विजेवर करून घेण्यासाठी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील रासीन येथील वास्तुविशारद जॉन हॅम्स यांना १९२७ साली सिंकखाली चक्की बसविण्याचा खटाटोप करावा लागला. तिला वाहत्या पाण्याची धार लागते, शेळीला लागत नाही, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा भेद क्षुल्लक नव्हे.

आता चहाचा चोथा, बेसनाचे खरकटे आणि कढईतील तेल ही त्रिमूर्ती सिंकच्या नळीच्या हवाली करण्यात येते. तेल नळीला चिकटून बसते, जड पाण्यातील क्षारांशी साबणाचा संयोग होऊन त्याचा चिकट साका बनतो, आणि दुर्गंधीला अटकाव करण्यासाठी ज्या वळणात पाणी राखलेले असते, तेथेच या सर्वांचा मुक्काम पडतो. मग कॉस्टिक सोड्याचा मारा होतो, आणि अखेरीस प्लंबरला पाचारण.

वस्तुतः कढई कागदाने पुसणे आणि भोकावर मामुली जाळी बसविणे एवढाच बंदोबस्त पुरेसा आहे. परंतु जाळी बसविणे हे कर्तव्य, आणि नळी तुंबल्याची तक्रार करणे हा हक्क. आणि हक्कांविषयी आपला समाज किती दक्ष आहे, हे सर्वश्रुतच आहे.