एवढी सेवा कुठं असते का जी?

दिग्रसमध्ये बंद पडलेली वस्तू दुरुस्त करून घेणं ही उपासना आहे. कूलरचा मिस्त्री "निघालोच" म्हणतो तेव्हा तो आर्णीला कुण्या लग्नाच्या पंगतीत बसलेला असतो. फ्रीजवाला पुसदहून "उद्या" येणार असतो आणि तो उद्या एप्रिलपासून चालू असतो. वाट पाहण्याची आम्हाला तशी सवय आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे मंजूर झाली 2008-09 साली. 2024 च्या फेब्रुवारीत गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत आली, तर आम्ही त्याचाही आनंद मानला.

अशा गावात एका दुपारी फोन वाजतो. पलीकडचा माणूस आपल्याला चक्क "सर" म्हणतो. "मैं विंडोज के टेक्निकल डिपार्टमेंट से बोल रहा हूँ." आपण कधीच न केलेल्या तक्रारीची त्यानं दखल घेतलेली असते आणि दुरुस्ती आत्ताच, घरबसल्या होणार असते. खरं तर इथंच घाम फुटायला पाहिजे. न बोलावता, वेळेवर आणि गोड बोलत आलेला मेकॅनिक आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेला नाही. पण आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी उलट गहिवरले. "एवढी सेवा कुठं असते का जी?" असं ते मला सांगत होते, तोवर त्यांची महिन्याची पेन्शन गेलेली होती.

झालं असं की, साहेबानं त्यांना कॉम्प्युटरमधला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावला. लाल-पिवळ्या खुणांची ही रांग! गुरुजी हादरले. वास्तविक ठणठणीत मशीनमध्येही ही रांग असतेच. पोलीस पाटलाच्या वहीत कुणाची बकरी कुणाच्या शेतात शिरली तेही लिहिलेलं असतं, म्हणून गावात दंगल झाली असं होत नाही. पण वही दाखवणाराच "दंगल, दंगल" म्हणून ओरडत असेल तर माणूस काय करणार? गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे एनीडेस्क घेतलं आणि त्यावरचा नऊ आकडी नंबर, पाढे म्हणावेत तसा, स्पष्ट उच्चारात वाचून दाखवला. अॅप बिचारं वाईट नाही. पुण्यातला पोरगा गावाकडच्या बापाचा कॉम्प्युटर त्यावरूनच नीट करतो. पण नंबर परक्याला दिला, परवानगीचं बटण दाबलं, की आपला स्क्रीन त्याचा होतो आणि ओटीपी तो आपल्याबरोबरच वाचतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच याबद्दल सावध केलं होतं. पण रिझर्व्ह बँक काही गुरुजींना "सर" म्हणाली नव्हती.

फोनवरच्या तोतयेगिरीत महाराष्ट्रानं मोठी निर्यात केली आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा 700 हून जास्त पोरं-पोरी ताब्यात घेतली. ही मंडळी अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना अटकेची भीती घालत आणि 'थकबाकी' गिफ्ट कार्डांतून वसूल करत. सरकारी कचेरीचं नाव काढलं की अमेरिकन म्हाताऱ्याचेही पाय लटपटतात, हे वाचून मला जरा बरंच वाटलं.

आता हा माल देशी बाजारातही भरपूर आहे. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा" असे मेसेज 2022 मध्ये इतके फिरले की ते खोटे असल्याचं महावितरणला जाहीर सांगावं लागलं. जाण्याआधी वेळ कळवणारी वीज! दिग्रसकरानं तरी यावर विश्वास ठेवायला नको होता. कधी स्क्रीनवर भोंगा वाजतो, "कॉम्प्युटर बंद करू नका" अशी धमकी येते आणि खाली नंबर असतो. तेव्हा बटण दाबून कॉम्प्युटर बेलाशक बंद करावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो आणि कंपनी आपणहून कुणाला फोनही करत नाही. गूगलवर शोधलेल्या कस्टमर केअर नंबरची तर सोपी परीक्षा आहे. पहिल्याच रिंगला जिवंत माणसानं उचलला, "सारे अधिकारी व्यस्त आहेत" नाही, संगीत नाही, तर ठेवून द्या. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो. तिथं संगीत ऐकावं लागतं, पण पैसे जात नाहीत.

गुरुजींनी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, पण दोन दिवसांनी. ताबडतोब केला असता तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता आले असते. "दुरुस्ती पुरी व्हाची होती ना," ते म्हणाले.

मागच्या आठवड्यात त्यांना पुन्हा फोन आला. गेलेले पैसे परत मिळवून देणाऱ्या विभागातून. फक्त थोडी प्रोसेसिंग फी भरायची. हेही लोक न बोलावताच येतात. पण आता गुरुजींमधला मुख्याध्यापक जागा झाला होता. "साध्या कागदावर अर्ज द्या. आधारची झेरॉक्स जोडा, दोन प्रती. आवक-जावकचा शिक्का घ्या. साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या."

पलीकडून फोन कट झाला. गुरुजी म्हणतात, अर्ज अजून आला नाही.