त्यात काय रायते जी!

आधीच सांगून टाकतो, विमान त्याने पळवलेलं नाही. गोंदियाजवळच्या बिरशीच्या विमानतळाला भिंत आहे आणि फाटकावर पहारा आहे. या दोन गोष्टी नसत्या तर हे वाक्य इतक्या खात्रीने लिहायची माझी हिंमत झाली नसती.

लाखनी म्हणा, साकोली म्हणा, लाखांदूर म्हणा, भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, हा तिथे आहेच. वय सोळा-सतरा. हजेरीपटावर नाव काहीही असो, गावात तो ‘पायलट’. पायात चप्पल क्वचित, हातात चावी नेहमी, आणि ती चावी नेहमी दुसऱ्याची. स्वतःच्या घरी सायकलसुद्धा धड नाही, पण सरपंचांची बुलेट कितव्या किकला सुरू होते, कोणाच्या ट्रॅक्टरचा दुसरा गिअर सुटतो, धान कापायला बाहेरून आलेल्या हार्वेस्टरवर कुठल्या बाजूने चढायचं, हे सगळं त्याला विचारावं.

“चालवता येते का बे?” असं कोणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं.

“त्यात काय रायते जी!”

आणि तो चढलेला असतो.

शिकला कुठे, हा प्रश्न त्याला कळतच नाही. तो पाहतो. त्याची शाळा म्हणजे ट्रॅक्टरचा मडगार्ड. जुलैत पाऊस लागला की अख्ख्या गावाची चिखलणी एकदम निघते. बांधीत पाणी आहे तोवर चिखल झाला पाहिजे, पऱ्हे वाढून चाललेले असतात, रोवण्याच्या बाया उद्याच्या ठरलेल्या असतात, आणि ट्रॅक्टर तासाच्या भावाने आणलेला असतो. ड्रायव्हर शिदोरी सोडून बसला की मालकाचा जीव वरखाली होतो. अशा वेळी चार वर्षं मडगार्डवर बसलेला पोट्टा हळूच सीटवर सरकतो, आणि त्याचं वय विचारायला कोणालाच सवड नसते.

कायद्याला असते. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने अशा पोराच्या पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. शिवाय पोराला पंचविशी गाठेपर्यंत लायसन नाही. पायलटचे बाबा मात्र पाहुण्यांसमोर छाती काढून सांगतात, “आमचा पोट्टा पाचवीत होता तवापासून ट्रॅक्टर हाकलते.” एकदा त्या पाहुण्यांतच साध्या कपड्यातला एक हवालदार निघाला. बाबांनी चहा संपायच्या आत पाचवीची बारावी करून टाकली.

पण एकट्या बाबांना बोल लावण्यात अर्थ नाही. आजोबा शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, धुरकरी. जोडी सुटली की छकडीवर तोल सावरत शेपट्या पिळणारा माणूस. मधली काही वर्षं कोर्टाने पट बंद ठेवले, तेव्हा घराण्यातली ही खाज ट्रॅक्टरवर गेली, असं आजोबांचं म्हणणं. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पटाला परवानगी दिली, पण तोवर नातू हायड्रॉलिकच्या लिव्हरला लागला होता.

त्याचं कसबही नाकारता येत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, उजव्या पायाशी दोन पेडलं शेजारी शेजारी. बांधीच्या कोपऱ्यात पोचलं की स्टिअरिंग पिळायचं आणि आतल्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबायचा. ते चाक जागीच राहतं, बाहेरचं फिरतं, आणि एवढं मोठं धूड धुऱ्याला न शिवता जागच्या जागी वळतं. पायलटचं हे वळण बघण्यासारखं. पेडलवर अनवाणी टाच, मान मागे, एका हाताने अवजार उचललेलं. रोवणाऱ्या बायाही कमरेवर हात ठेवून घडीभर बघतात.

आता रस्त्याला लागताना ही दोन पेडलं कडीने एकमेकांना जोडायची असतात, नाहीतर घाईत एकच दबतं. पण कडी लावायची म्हणजे थांबायची तयारी करायची, आणि थांबणं हा विषय पायलटने कधी घेतलाच नव्हता. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवरून येताना समोर म्हैस आली. त्याने ब्रेक मारला. ट्रॅक्टर थांबला नाही. अतिशय सुबक वळला, पाळ उतरला आणि शिंगाड्याच्या वेलांत बोनेटपर्यंत जाऊन उभा राहिला. म्हशीने बघितलं आणि ती निघून गेली. जेसीबी येईपर्यंत पाळीवर अर्धं गाव जमलं होतं. पायलट सीटवर उभा, छातीपर्यंत चिखल, आणि जेसीबीवाल्यालाच सांगतोय, “सरका ना जी तुम्ही, मी काढतो. त्यात काय रायते!”

तर विमान.

बिरशीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली, आणि पुढे पन्नासेक वर्षं ती भंडारा जिल्ह्यातच होती. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा निघाला आणि जाताना धावपट्टी घेऊन गेला. पायलटचा जन्म त्यानंतरचा. तरी भावकीने वाडवडिलांची बांधी दाबावी तसं त्याला हे लागलेलं आहे. त्यातून तिथे वैमानिक शिकवायची संस्था आली. डायमंड डीए-40 जातीची, चार माणसं बसतील एवढी, एकाच पंख्याची विमानं. आभाळ उघडं असलं आणि गोंदियाच्या अंगाने एखादं शिकाऊ विमान दिसलं की पायलट हातातलं काम टाकून त्याला सूचना देत उभा राहतो. “दबव ना बे! हां. सोड आता, सोड.”

वायुसेनेत इंजिनं उघडण्यात नोकरी घालवून आलेले एक काकाजी आमच्यात आहेत. पोट्ट्याचं तोंड बंद करावं म्हणून त्यांनी एकदा टपरीवर त्याला शास्त्रशुद्ध समजावायला घेतलं. म्हणाले, “या विमानाच्या पुढच्या चाकाला स्टिअरिंग नसते. ते नुसतं फिरते, खाटेच्या चाकावानी. जमिनीवर वळाचं असन तर डाव्या-उजव्या पायाचे ब्रेक येगयेगळे दाबा लागते.”

चहा घेणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. जे सांगायचं नव्हतं ते काकाजी सांगून बसले होते.

“म्हणजे ट्रॅक्टरच ना जी!” पायलट उठूनच उभा राहिला. “अर्धं येतेच मले.”

“अन् बाकीचं अर्धं? वरचं?”

“वर काय हाय? वर म्हशी रायतेत का?”

काकाजींनी तरी सोडलं नाही. उडवणं सोपं आहे, म्हणाले. धावपट्टीवर 60 नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी 110 किलोमीटर वेग घेतला, दांडा जरासा ओढला, की विमान आपण होऊन उचलतं. मरण आहे ते उतरताना. जमीन दोन-तीन हात खाली असताना त्याला चढूही द्यायचं नाही आणि पडूही द्यायचं नाही, वेग मरेपर्यंत तसंच तरंगत धरायचं, मग मागची चाकं आधी टेकवायची. लवकर ओढलं तर वर उचलून धपकन बसतं, उशीर झाला तर आपटून उसळतं. शिकणाऱ्यांचा घाम या दोन-तीन हातांतच निघतो. पायलटने हे सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पहिले चढू तर द्या.”

याला उलटून काय सांगणार? जग त्याच्याच बाजूचं आहे. 22 नोव्हेंबर 2018 ला अमेरिकेच्या युटा राज्यात चौदा आणि पंधरा वर्षांच्या दोन पोरांनी एका खासगी धावपट्टीवरचं हलकं विमान काढलं, हायवेच्या कडेकडेने हिंडवलं आणि व्हर्नलच्या विमानतळावर धड उतरवलं. खाली पोलिसांनी धरलं, ते वेगळं. आणि त्या धावपट्टीपर्यंत ही पोरं गेली होती ट्रॅक्टरवर. ही बातमी वाचून दाखवली तेव्हा पायलटने मोबाइलला हात लावून कपाळाला लावला.

त्याहून मोठं दैवत म्हणजे कोल्टन हॅरिस-मूर. वॉशिंग्टन राज्यातला. नोव्हेंबर 2008 मध्ये, सतराव्या वर्षी, पुस्तकं वाचून वाचून त्याने सेस्ना 182 पळवलं आणि कुठेतरी रानात आदळवलं. पुढे आणखी पळवली. चोऱ्या करायला अनवाणी जायचा म्हणून ‘बेअरफूट बँडिट’ नाव पडलं. जुलै 2010 मध्ये इंडियाना राज्यातून एक विमान घेऊन थेट बहामा बेटांपर्यंत गेला आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पडला. पकडला, खटले झाले, वर्षानुवर्षांची कैद झाली. पायलटने या चरित्रातून दोनच गोष्टी उचलल्या. एक, अनवाणी. दुसरी, पाणी. “मी बी तर पाण्यातच उतरवलो ना जी.”

सगळ्यांनाच तो मानतो असंही नाही. चीनमध्ये 2019 साली तेरा वर्षांच्या एका पोराने पाण्यावर उतरणारी दोन विमानं शेडमधून बाहेर काढली आणि त्यातलं एक कठड्याला ठोकलं. हवेत गेला नाही म्हणून पायलटने त्याला नापास केलं. 1987 मध्ये अठरा वर्षांचा जर्मन मथियास रुस्ट सेस्ना घेऊन थेट मॉस्कोच्या लाल चौकापाशी उतरला, सोव्हिएत लष्कराचं हसं झालं, संरक्षणमंत्र्यांची खुर्ची गेली. हे ऐकून पायलटने एकच विचारलं, “लायसन होतं का त्याच्यापाशी?” होतं, म्हटलं. “मंग काय मोठं केलं?”

शेवटी काकाजींनी सरळ मार्ग सांगून बघितला. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, खासगी सतराव्या, नोकरीचा अठराव्या. नोकरीच्या परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं आणि बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. पायलट आर्ट्सला आहे, कारण तिथे हजेरीची कटकट कमी. फी किती लाख असते ते काकाजींनी सांगितलंच नाही; त्यांच्या मनात दया आहे.

“दोनशे तास?” पायलट म्हणाला. “अन् उडवाचं कवा?”

“तेच उडवणं असते बे.”

“गणित कायले? वर हिशेब कोन मांगते?”

त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच कोणाचीही चावी न घेता घरी गेला म्हणतात. मला खरं वाटत नाही.

गावातली पहिली कायदेशीर पायलट झाली ती त्याची सख्खी काकू. बचत गटाच्या बायांना केंद्र सरकारने फवारणीचे ड्रोन द्यायला घेतले, ‘नमो ड्रोन दीदी’. काकू पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेली आणि परवाना घेऊन आली. धानावर तुडतुडा पडला तेव्हा धुऱ्यावर सतरंजी अंथरून, पदर खोचून ती उभी राहिली. पाती हाताने फिरवून पाहिली, बॅटरी पाहिली, चिमूटभर माती उडवून वारा पाहिला. मग परत सगळं पहिल्यापासून पाहिलं. पायलट पाण्याच्या कॅना घेऊन मागे ताटकळत होता.

“काकू, द्या ना रिमोट. त्यात काय रायते?”

“अठरा भरले का रे तुले?”

“नाही.”

“मंग टाकी भर.”

ड्रोनने दोन बांध्या फवारल्या. काकूने एक बटण दाबलं. तो आपण होऊन वळला, जिथून उठला होता तिथे वर येऊन थांबला आणि सतरंजीच्या बरोबर मधोमध उतरला. पायलटचा चेहरा पडला.

“आपल्या आपण उतरते?”

“हव.”

“मंग तुम्ही काय करता जी?”

“तुझ्यासारख्या पोट्ट्यायले दूर ठेवतो,” काकू म्हणाली. “सरक मागं.”