रोस्टरवाले

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत कुलगुरूंचं दालन कुठे आहे हे विचारावं लागत नाही. गालिचा सुरू झाला की ते आलंच. रोस्टरवाल्यांकडे मात्र विचारत विचारतच जावं लागतं. "आस्थापनेच्या पुढे जा, झेरॉक्स मशीनला वळसा घाला, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दिसले की डावीकडे." दारावर तीन पाट्या असतात: मागासवर्ग कक्ष, विशेष कक्ष, समान संधी केंद्र. वरून नवीन नाव आलं की नवीन पाटी ठोकली जाते. जुनी काढण्याचा आदेश कुणी दिलेला नसतो आणि आदेशाशिवाय रोस्टरवाले खिळाही उपटत नाहीत.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात हे गृहस्थ असतात. त्यांना रीतसर नाव आहे, पण सेवापुस्तकाबाहेर ते कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. समोर सगळे 'साहेब' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

टेबलावर काचेखाली दत्तगुरूंचा किंवा बाबासाहेबांचा किंवा दोघांचाही फोटो, शेजारी कॅलेंडर, आणि मधोमध तपकिरी कव्हर घातलेलं ते रजिस्टर. बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचं रोस्टर! बिंदू क्रमांक, प्रवर्ग, कर्मचाऱ्याचं नाव, जात, वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक, रुजू दिनांक, शेरा. अर्धं विद्यापीठ ई-ऑफिसवर गेलं, पण हे रजिस्टर हातानेच भरलं जातं. फूटपट्टी ठेवल्याशिवाय ते त्यातली ओळ वाचत नाहीत. चुकून एक ओळ खाली नजर गेली तर एका माणसाची नोकरी दुसऱ्याच्या खात्यात जाते, असं त्यांचं म्हणणं. अतिशयोक्ती वाटते, पण तशी ती नाही.

"१३, ७, ३, २.५, ३.५, २, २, १९," असं ते एका दमात म्हणतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विजा-अ, भज-ब, भज-क, भज-ड, विमाप्र, इमाव. बेरीज ५२, २००१ च्या कायद्याप्रमाणे. वर आर्थिक दुर्बल १०. मराठा आरक्षण २०१८ ला आलं, २०२१ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२४ ला पुन्हा १० टक्क्यांनी आलं. राज्यात या सगळ्यावरून मोर्चे निघाले, सरकारं हादरली. रोस्टरवाल्यांनी प्रत्येक वेळी नवीन रजिस्टर मागवलं आणि समास आखले. त्यांचं मत काय, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. "मत पेटीत टाकलं," एवढंच ते म्हणतात.

त्यांची स्वतःची जात कोणती, हा मात्र विद्यापीठाचा जुना आणि आवडता प्रश्न. आडनाव असं की ते चार समाजांत सापडतं. खुल्या प्रवर्गातल्या प्राध्यापकांची खात्री असते की हा माणूस 'त्यांचा' आहे, नाहीतर इतका अडवेल कशाला? मागासवर्गीय संघटनांची तितकीच खात्री असते की हा कुलसचिवांचा माणूस आहे, नाहीतर इतका उशीर लावेल कशाला? दोन्ही बाजूंचे लोक एकाच दिवशी त्यांच्याविरुद्ध निवेदन घेऊन येतात. दोन्ही निवेदनांवर ते आवक क्रमांक टाकतात आणि पोच देतात.

वाक्यं ठरलेली. "लेखी द्या." "जीआर आहे त्याला." "तोंडी काही नसतं हो." आणि अगदीच कोंडीत सापडले तर, "मावक काय म्हणेल?" मावक म्हणजे विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष, जिथून रोस्टर तपासून आल्याशिवाय जाहिरात निघत नाही. बाकीचे लोक मावकच्या नावाने बोटं मोडतात. रोस्टरवाल्यांना मात्र तिथून त्रुटी निघून फाइल परत आली की मनापासून आनंद होतो. "वाचली म्हणजे कुणीतरी," म्हणतात.

विभागप्रमुखांशी त्यांचा संवाद दर भरतीला होतो तो असा. विभागप्रमुख घाईत, कारण त्यांना जागा हवी असते आणि बहुतेक वेळा माणूसही डोळ्यांसमोर असतो.

"साहेब, आमच्या विषयात राखीवचे उमेदवार मिळतच नाहीत. खुली करून टाका ना जागा."

"सर, जाहिरात किती वेळा दिली?"

"एकदा दिली होती."

"कुठे?"

यावर सर खिडकीबाहेर बघतात. मग दुसरा मुद्दा काढतात. "आणि आमच्याकडे आधीच दोन एससी आहेत की!"

आता रोस्टरवाले फूटपट्टी उचलतात. "सर, ते दोघं मेरिटवर खुल्या जागेत लागलेत. खुल्यातच धरायचे. राखीव बिंदू तुमचा रिकामाच आहे." मग सभरवाल. १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. बिंदू पदाशी बांधलेला असतो, त्या पदावरचा माणूस निवृत्त झाला की जागा त्याच प्रवर्गाने भरायची. सभरवाल हे नाव ते अशा जिव्हाळ्याने घेतात की नवीन लिपिकांना हे पूर्वीचे कुलसचिव असावेत असं वाटतं.

त्याहून लाडका विषय म्हणजे १३ बिंदूंचं रोस्टर. २०१८ च्या मार्चमध्ये यूजीसीने संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हे एकक धरायला सांगितलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाच्या आधारावर. वरवर पाहिलं तर निरुपद्रवी बदल. रोस्टरवाले कागद ओढतात आणि दाखवतात: त्या केंद्रीय नामावलीत चौथा बिंदू ओबीसींचा, सातवा अनुसूचित जातींचा, चौदावा जमातींचा. "आता सांगा, पाली विभागात पदं किती? तीन. चौथा बिंदू येणार कधी? आणि चौदावा?" कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही, कुणाला नाही म्हणावं लागलं नाही, नुसतं मोजण्याचं माप बदललं आणि दारं बंद. देशभर आंदोलनं झाली, २०१९ मध्ये केंद्राने कायदा करून संस्था हेच एकक पुन्हा ठरवलं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो. एरवी तो कधी चढत नाही.

मुलाखतीच्या दिवशी ते निवड समितीच्या खोलीत कोपऱ्यात फायली घेऊन बसतात. बोलण्याचा अधिकार नसतो, खोकण्याचा असतो. बाहेरून आलेले तज्ज्ञ चहा पिता पिता उमेदवाराला सहज विचारतात, "गाव कोणतं म्हणालात? नाही, मूळ गाव? आणि हे आडनाव म्हणजे तुम्ही नक्की कोणाकडचे?" की आला खोकला. तज्ज्ञ थांबतात. दुसऱ्यांदा विचारलं तर दुसरा, जरा घोगरा. तिसऱ्यांदा सहसा विचारत नाहीत. एका तज्ज्ञांनी मात्र काळजीने त्यांना खडीसाखर दिली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

आता शिष्यवृत्तीच्या खिडकीची गोष्ट. सोमवारची गर्दी, महाडीबीटीच्या अर्जांचे प्रिंट घेऊन उभी असलेली मुलं, आणि आतून लिपिकाचा खणखणीत आवाज, "एससी-एसटी डावीकडे! ओबीसी, व्हीजेएनटी उजवीकडे!" रांगेतली एक मुलगी अर्ज पिशवीत घालून मागे सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारी तिच्या वर्गातल्या दोघीजणी होत्या. कुलसचिव आले तरी अर्धवटच उठणारे रोस्टरवाले त्या दिवशी पूर्ण उठले. समतेबाबतचे यूजीसीचे २०१२ चे विनियम काढून लिपिकासमोर ठेवले: विद्यार्थ्याची जात वर्गात जाहीर करणं हा भेदभाव.

लिपिक त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "साहेब, वर्गात म्हटलंय. ही खिडकी आहे."

रोस्टरवाले क्षणभर गप्प झाले. शिष्य हुशार निघाल्याचं समाधान चेहऱ्यावर आलं न आलं तोच म्हणाले, "बरोबर आहे. खिडकी वर्गात मोडत नाही असं लेखी द्या. खाली सही, शिक्का." लिपिकाने दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रांग अर्ज क्रमांकाने लागू लागली.

मुलांशी त्यांची भाषा वेगळी. "बाळा, वैधता आहे का?" हा पहिला प्रश्न, "नॉन-क्रीमीलेयर कोणत्या सालचं?" हा दुसरा, आणि तिसरा, "जेवलास का?" फ्रीशिपच्या मुलाकडून कॉलेजने फी भरून घेतली असं कळलं तर प्राचार्यांना स्वतः फोन लावतात. तोंडी काही नसतं, हा नियम फक्त अशाच वेळी मोडतो.

दिव्यांगांचा २०१६ चा कायदा आल्यावर प्रकार ७ चे २१ झाले, नोकरीत ४ टक्के आणि प्रवेशात किमान ५ टक्के जागा आल्या, आणि रोस्टरवाल्यांच्या कपाटात मोजपट्टी आली. नव्या इमारतीचा रॅम्प बघायला ते अभियंत्यांना घेऊन गेले. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. इथे जेमतेम पाच. वरच्या टोकाला शोभेची कुंडी.

"उतार दिलाय ना साहेब," अभियंते म्हणाले.

"उतार कुठला, घसरगुंडी आहे. बसा, दाखवा घसरून."

अभियंते बसले नाहीत. कुंडी त्याच दिवशी हलली. रॅम्प दोन अर्थसंकल्पांनंतर.

लेखनिक घेऊन पेपर देणाऱ्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा असतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पर्यवेक्षकांना बस गाठायची असते, ते अडीच तासांपासूनच सुतळी हातात घेऊन येरझाऱ्या घालतात. परीक्षेच्या दिवसांत रोस्टरवाले वर्गाच्या दाराशी खुर्ची टाकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसतात. कुणाशी बोलत नाहीत. पर्यवेक्षक सुतळी खिशात घालतात.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या फलकावर निवृत्त अध्यक्षांचं नाव राहिलं की दर सोमवारी स्मरणपत्र. मुदत तीन वर्षांची असते, हे अधोरेखित. जुने कर्मचारी तिला अजून विशाखा समितीच म्हणतात, त्यांना ते दुरुस्त करतात. दुरुस्त करणं हा मुळात स्वभावच. २६ जूनला शाहू महाराजांची जयंती. एका वक्त्याने भाषणात 'आजच्याच दिवशी आरक्षण दिलं' म्हटल्याबरोबर रोस्टरवाले श्रोत्यांतून उभे राहिले. "आज जन्म. पन्नास टक्क्यांचा आदेश २६ जुलै १९०२ चा." वक्ते गोंधळून म्हणाले, "एकच महिना इकडेतिकडे." यावर रोस्टरवाले जे म्हणाले ते अध्यक्षांनी माइक ओढून घेतल्यामुळे ऐकू आलं नाही. २६ जुलैला मात्र ते न चुकता कक्षात पेढे वाटतात.

घरच्यांचं काय होत असेल? पत्नीने तोंडी सांगितलेली कोथिंबीर त्यांच्या पिशवीतून आजवर घरी आलेली नाही. चिठ्ठीत असेल तरच येते. सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त मागतात म्हणून सभेची तारीख ते गावी असतील ती धरतात.

त्यांचा राग येतोच. एका शुद्धिपत्रकाच्या प्रतीसाठी जाहिरात सहा-सहा महिने थांबते, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी, नेट-सेट झालेली पोरं, त्यातली निम्मी राखीव प्रवर्गातलीच, वय मोजत बसतात. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण चुकीच्या रोस्टरवर केलेली नेमणूक कोर्टात पडते आणि मग पोरगं दोन्हीकडून जातं, हे त्यांनी पाहिलेलं असतं. शिवाय खरी मेख वेगळीच आहे. भरती करायचीच नसली की प्रशासनालाही ते एकदम आवडू लागतात. 'रोस्टर तपासणी सुरू आहे' हे वाक्य अधिसभेत दहा वर्षं पुरतं. ते ऐकताना प्रेक्षागृहातल्या मागच्या रांगेत बसलेल्या रोस्टरवाल्यांचा चेहरा बघवत नाही, कारण रोस्टर त्यांनी केव्हाच तपासून सादर केलेलं असतं. जावक क्रमांकासह.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, आणि ज्यांना त्यांनी सर्वांत जास्त छळलं त्या विभागप्रमुखांचं सर्वांत लांब भाषण होतं. सत्काराच्या शालीचं बिल कोणत्या शीर्षाखाली टाकलं, ते रोस्टरवाले हळूच विचारून घेतात. त्यांची जागा कोणत्या प्रवर्गाने भरणार, म्हणजे निदान आता तरी जात कळेल, या आशेने बरेच जण जाहिरातीवर डोळा ठेवून असतात. ती निघत नाही. पद रिक्त असतं, अतिरिक्त कार्यभार परीक्षा विभागातल्या एका कक्ष अधिकाऱ्याकडे असतो, आणि तो दिवसातून दोनदा रोस्टरवाल्यांना फोन करून शंका विचारतो. ते म्हणतात, लेखी विचारा.