रा. रा. स्थिर आकार यांस अनावृत पत्र

रा. रा. स्थिर आकार,
मुक्काम पोस्ट प्रत्येक वीजबिल, मुंबई उपनगरे.



मे महिना आम्ही गावी काढला. निघताना मेन स्विच बंद केला, फ्रिज रिकामा करून दारात फडकं अडकवलं. पुढचं बिल आलं: वापर शून्य युनिट. वीज आकार शून्य, वहन आकार शून्य, इंधन समायोजन आकार शून्य. आणि आपण मात्र नेहमीच्या रुबाबात हजर! सख्खा भाऊ बंद घराची इतकी काळजी घेत नाही.

वीज कंपनीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "वीज घ्या, नका घेऊ, वायर तर तुमच्यासाठी उभी आहे ना!" मग एरवी युनिटमागे वहन आकार घेतात तो कशाचा? असो. वीज कायदा 2003चं कलम 45 आपल्या पाठीशी आहे. 12 ऑक्टोबर 2020ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या; आपण तेवढे गेला नाहीत.

पण खरी मेख पुढच्या ओळीत. वीज शुल्क, 16 टक्के. कशावर? आपल्यावर! एक युनिट जळालं नाही आणि विजेवरचा कर मात्र भरायचा, तोही कंपनीला नव्हे, राज्य सरकारला. रक्कम किती, तर एका वडापावची. म्हणून कुणी बोलत नाही. घाटकोपरच्या डोंगरावर दहा बाय दहाच्या खोलीत एक पंखा नि टीव्ही चालवणारी बाईसुद्धा हा कर भरते. न वापरलेल्या विजेवर कर घेणं ही शुद्ध लुबाडणूक आहे, दुसरा शब्द नाही.

आपल्याला तरी किती बोलायचं म्हणा! आम्ही पंखा लावू न लावू, डहाणू-ट्रॉम्बेची वीजकेंद्रं तयारीत ठेवावी लागतात. भर पावसात, रात्री दोनला केबलचा फॉल्ट शोधत रस्ता खणणाऱ्यांना पगार द्यावाच लागतो. खर्च त्यांचा, शिव्या आपल्याला, आणि वर सरकारने आपल्याच अंगावर कर बसवलाय. म्हणजे आपणही आमच्यातलेच की!

वाचकहो, दरवाढीचा प्रस्ताव आला की राज्य वीज नियामक आयोग सूचना व हरकती मागवतो. बंद घराला सवलत हवी असेल तर तिथे लेखी हरकत घ्या. शुल्कासाठी मात्र आमदाराला गाठा. शुल्काचा कायदा विधिमंडळाचा आहे.

आपला,
एक नियमित बिल भरणारा