उजवीकडचा ठिपका

जालन्याची ओळख सांगताना लोक लोखंडापासून सुरुवात करतात. भंगार वितळवून सळया ओढणारे कारखाने, मग बियाणं, मग मोसंबी, आणि सांगणारा जुना असेल तर शेवटी ‘जालना सोने का पालना’ हे ठरलेलंच. या यादीत रेडियमवाल्याचं नाव कोणी घेत नाही. वास्तविक सळया भरून निघालेल्या ट्रकचा मागचा मजकूर, मोसंबीच्या टेम्पोच्या काचेवरची देवाची कृपा, कृषी सेवा केंद्राच्या दारावरची ‘उधारी बंद’ ही सूचना, हे सगळं त्याच्याच हाताखालून गेलेलं असतं. कारखानदार टनात बोलतो, हा मायक्रॉनमध्ये. बाकी ज्याला आपण रेडियम म्हणतो ते रंगीत व्हिनाइल आहे आणि मादाम क्युरींचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण तसं म्हणत अंबड चौफुलीला व्हिनाइल मागून पाहा, दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघेल.

हे व्हिनाइल कापणारं यंत्र म्हणजे प्लॉटर. साधं व्हिनाइल साधारण ७० ते ८० मायक्रॉन जाड असतं, म्हणजे सहा थर एकावर एक ठेवले तरी अर्धा मिलिमीटर भरत नाही. त्याखाली गोंद आणि गोंदाखाली गुळगुळीत कागद. पात्याने वरचं रंगीत आणि गोंद कापायचा आणि कागदावर जेमतेम रेघ उमटली की तिथेच थांबायचं. मोसंबीची साल काढताना सुरी सालीतून जावी आणि फोडीला लागू नये, तसा हा हिशेब. कागदही कापला गेला तर सोलताना सगळा गठ्ठाच हातात येतो. व्हिनाइल अर्धवट कापलं तर बाजूचं नको असलेलं काढताना हवं असलेलं अक्षरही त्याच्यामागे निघून जातं.

पातंही स्वभावाने विचित्र. त्याला वळवायला वेगळी मोटर नसते. त्याचं टोक मधल्या अक्षापासून साधारण पाव मिलिमीटर मागे ठेवलेलं असतं, त्यामुळे होल्डर जिकडे जाईल तिकडे ते मागून फरफटत वळतं. होल्डरच्या बेअरिंगमध्ये व्हिनाइलचा एक कण जरी अडकला, तरी ते वळायला नाही म्हणतं आणि ‘क’चा गोल पोट आल्यासारखा दिसतो.

अशाच एका रेडियमच्या दुकानात मी यंत्राचा एक वेगळा आजार पाहिला. दोन फुटी प्लॉटर, समोर एक ट्रकवाले मामा आणि मजकूर ‘आशीर्वाद आई-बाबांचा’. डावीकडे ‘आशीर्वाद’ झकास कापला जात होता. ‘आई’ही ठीक. उजवीकडे ‘बाबांचा’वर येईपर्यंत यंत्राचा जोर संपायचा. सोलायला घेतलं की अक्षरं कशीबशी राहायची, पण अनुस्वाराचा ठिपका कचऱ्याबरोबर उठून यायचा. ‘आशीर्वाद आई-बाबाचा.’ मामा वाचून गप्प झाले आणि मग म्हणाले, “अरे, बाप हाय तो माझा!” त्यांचं बरोबरच होतं. बापाचा सगळा मान त्या तीन मिलिमीटरच्या ठिपक्यात होता आणि तोच नेमका कचऱ्यात गेला होता. हेच एखाद्या साहेबांच्या वाढदिवसाच्या गाडीवर झालं असतं, तर दुकानदाराला आठवडाभर दुकान उघडता आलं नसतं.

यंत्र बिघडलं की गर्दी जमते आणि गर्दीतला प्रत्येक जण इंजिनिअर असतो. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, तेल टाका. एक जण म्हणाला, व्होल्टेज कमी यायलंय. चहा घेऊन आलेल्या पोराने मे महिन्याच्या उन्हाला दोष दिला: रेडियम मऊ पडायलंय. मामांचा उपाय सर्वांत सोपा: “दाब वाढवा की!”

दाब वाढवणं हा आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावरचा पहिला उपाय आहे, मग ते दुखणं यंत्राचं असो की तलाठी कार्यालयाचं. प्लॉटरचा दाब ग्रॅममध्ये मोजतात आणि साध्या व्हिनाइलला शंभराच्या आसपास पुरतो. दुकानदाराने मामांच्या समाधानासाठी आकडा वाढवला. उजवीकडचा ठिपका जागेवर राहिला, आणि डावीकडचा ‘आशीर्वाद’ कागदासकट आरपार सुटून मामांच्या हातात आला.

मला या सल्ल्यांची गंमत वाटली, कारण एरवी त्यातला एकही खोटा नसतो. उन्हात व्हिनाइल खरंच मऊ पडून ताणलं जातं. वेग फार ठेवला तर पातं उसळतं. पण ऊन डावं-उजवं करत नाही. पातं बोथट असेल तर ते डावीकडेही बोथटच असतं. व्होल्टेज ‘आशीर्वाद’ला पुरेसं आणि ‘बाबां’ना अपुरं, असं काही ते करत नसतं. सगळीकडे सारखं बिघडलेलं यंत्र शोधायला अवघड, कारण संशयित शंभर. एकाच बाजूला बिघडलेलं यंत्र मात्र फार सज्जन असतं, ते स्वतःच बोट दाखवून सांगतं, इथं दुखतंय. आपण बोटाकडे न बघता त्याला गोळी देतो.

दुकानदार मुळात शांत माणूस. त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि डावीकडे, मधे, उजवीकडे असे तीन छोटे चौकोन कापून घेतले. उजवा चौकोन सुटेना. मग त्याने तोच तुकडा फिरवून उलटा लावला. माल जाडा-पातळ असता तर दुखणं मालाबरोबर डावीकडे गेलं असतं. ते उजवीकडेच राहिलं, म्हणजे माल निर्दोष. रबरी रोलर दोन्ही टोकांना सारखे दाबून बसलेत का, तेही पाहिलं. मग पातं काढून त्या जागी पेन बसवलं आणि डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ ओढवली. रेघ डावीकडे ठसठशीत आणि उजव्या टोकाशी पुसट. म्हणजे पातंही निर्दोष. आता उरली खालची जमीन. त्याने मोबाइलची बॅटरी लावून पात्याच्या वाटेखालची पट्टी दाखवली. ही टेफ्लॉनची पांढरी पट्टी पात्याला खालून आधार देते. तिच्या उजव्या टोकाला चाकोरी पडली होती. व्हिनाइल तिथे खाली दबत होतं आणि पातं वरूनच निघून जात होतं. आधी कोणीतरी त्यात चिकटपट्टी भरून पाहिलेली होती, त्यामुळे एका इंचात खड्डा आणि पुढच्या इंचात उंचवटा, असा आपल्या रस्त्यांसारखाच कारभार.

पण चाकोरी उजवीकडेच का? याचं उत्तर मला फार आवडलं. त्याच्या यंत्राची मोजणी उजव्या टोकापासून सुरू होते, म्हणून छोटं काम नेहमी तिथेच कापलं जातं. आणि या दुकानाचं छोटं काम म्हणजे वर्षानुवर्षं नंबरप्लेट. ४१४१ असा वळवून काढायचा की ‘दादा’ दिसावं, २१४ असा की ‘राम’ वाचावं, ८०५५ म्हणजे थेट बॉस. जालन्याच्या एमएच २१ मध्ये जेवढे दादा होऊन गेले, ते सगळे त्या सहा इंचांतून गेले. मग १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उठावाच्या अक्षरांची, होलोग्रामची पाटी आली. पुढे जुन्या गाड्यांनाही ती बसवा म्हणून फर्मान निघालं आणि मुदती वाढत राहिल्या. रेडियमवाल्याच्या हातून नंबरप्लेट गेली, पट्टीवरची चाकोरी मागे राहिली.

मराठीने या यंत्राचा छळ आधीच पुष्कळ मांडलाय. इंग्रजी अक्षरं एकमेकांपासून सुटी असतात. आपली शिरोरेषेला लटकलेली. कोरल या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीच्या फाँटमधलं नाव टाकलं की प्रत्येक अक्षराची रेघ पुढच्याच्या रेघेवर चढते. ती जोडून एक केली नाही, तर पातं इमानेइतबारे प्रत्येक सांधा कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. आमच्या जिल्ह्यातल्याच भोकरदनच्या जुन्या लोकांचं या बाबतीत बरं होतं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं पार सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. ब्राह्मी लिपीला शिरोरेषाच नाही, आणि दगड कोरणाऱ्याला खालचा कागद फाटण्याची भीती नाही. ठिपका मात्र त्यांनाही चुकला नव्हता. सांचीचे बरेच लेख ‘दानं’ या शब्दाने संपतात. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने शेवटी पुन्हा पुन्हा येणारी ती दोन अक्षरं आणि त्यांतला अनुस्वार हेरला आणि त्या धाग्याने ब्राह्मी उलगडत नेली. सांचीच्या कारागिराची छिन्नी उजवीकडे कमी लागली असती, तर प्रिन्सेप आणखी काही दिवस डोकं खाजवत बसला असता.

नवी पट्टी संभाजीनगरहून आली. जुनी सोलून काढायची, खालचा गोंद स्पिरिटने पुसायचा आणि बुडबुडा न राहू देता नवी चिकटवायची, एवढंच काम. दाब पुन्हा शंभराच्या खाली आणला, पातं थोडं आत घेतलं, तिन्ही चौकोन सारखे सुटले. ‘बाबांचा’ ठिपक्यासकट निघाला आणि मामांनी तो बोटाने दाबून खात्री करून घेतली.

पैसे देताना मामांना आठवलं. नव्या पाटीवर काही करता येत नाही, मान्य. पण केबिनच्या आत, काचेच्या वर, आपला जुना ४१४१ एवढा टाकून द्या, छोटाच, पहिल्यासारखा ‘दादा’ दिसेल असा. दुकानदाराने एक उरलेला लाल तुकडा उचलला आणि सवयीने उजव्या टोकाला लावला.