पापांच्या आणेवारीविषयी एक अर्ज

श्रीयुत दप्तरदारसाहेब, स्वर्गलोकीचे जमाखर्च खाते, यांचे सेवेशी :

जुन्नर तालुक्यातील ख्रिस्ती मंडळीचा एक जुना सभासद, पेशाने निवृत्त शिक्षक व हल्ली दीड एकर टोमॅटोचा धनी, सलाम करून अर्ज लिहून देतो तो असा.

इंग्रजी अमदानीत पीक चार आण्यांच्या आत उतरले, म्हणजे रयतेला त्या सालचा सारा तहकूब करून मागता येत असे. पुढे आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली; परंतु पीक निम्म्याहून कमी भरले तर सवलतीची वाट मोकळी व्हावी, हे तत्त्व सरकारदप्तरी आजतागायत कायम आहे. तेव्हा जी दया महसुलासारख्या रुक्ष खात्याला सुचली, ती आपल्या खात्याला, जिथे दयेचा साठा अमर्याद असल्याचे आम्ही शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत, का सुचू नये? ज्या पापाचे पीक चार आण्यांच्या आत आहे, ते आपल्या किर्दीत चढवूच नये, एवढीच आमची विनंती.

आमच्या रोमन कॅथलिक बंधूंची याबाबत पूर्वीपासून सोय आहे. महापाप आणि क्षुल्लक पाप अशी प्रतवारी त्यांच्या धर्मशास्त्रातच करून ठेवलेली आहे. 1846 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या गोऱ्या पाद्र्यांनी जुन्नरास ठाणे मांडले, तेव्हा ही प्रतवारी काही त्यांनी बरोबर आणली नाही. पाप म्हणजे पाप, असा त्यांचा एकजात खाक्या. धर्मशास्त्राने जे दिले नाही ते आम्हाला व्यवहाराने मिळवावे लागले, आणि मराठी भाषेने त्या कामी फारच उदार साह्य केले. 'किरकोळ' या एकाच शब्दात क्षुद्र आणि सुटे असे दोन्ही अर्थ नांदतात, हे आपणास विदित असेलच. आम्ही पापे किरकोळीत करतो आणि कबुली घाऊकीत देतो. दर रविवारी सारी मंडळी एका सुरात 'आम्ही पापी आहो' असे म्हणते, तेव्हा त्या 'आम्ही'च्या गर्दीत माझा वैयक्तिक जिन्नस, जत्रेत चुकलेल्या पोरासारखा, असा काही बेपत्ता होतो, की उपासना संपेपर्यंत तो माझा मलाही सापडत नाही.

उदाहरणादाखल एक क्रेट हुजूर ठेवतो. वीस किलोचे हे प्लास्टिकचे क्रेट नारायणगावच्या उपबाजारात जाते. तळाशी ऊन लागून पांढरे डाग पडलेला माल, मध्ये बरा, आणि वर, देठाची बाजू खाली करून एकेक फळ पुसून लावलेला असा लालभडक थर, की पाहणाऱ्याला आमच्या शेताविषयी, किंबहुना आमच्या धर्माविषयीही, आदर वाटावा. 2023 च्या जुलैत याच क्रेटला दोन हजारांवर भाव गेला, तेव्हा तळाच्या पाच फळांचे मोल आमच्या वर्षभराच्या वर्गणीला भारी होते. हे पाप म्हणावे काय? व्यापारी आधीच कडता धरतो, वरचा थर सगळेच लावतात, आणि देवाला आमचे मन ठाऊक आहे. अखेरचा मुद्दा आपल्यापुढे मांडताना जरा संकोच वाटतो, कारण तो खरा आहे.

बिबट्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आमच्या तालुक्यात उसाच्या आश्रयाने तो राहतो, जनावरे नेतो, माणसेही मारतो. त्याचे भय खोटे नाही. म्हणूनच बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेस न येण्याला त्याच्याइतके भारदस्त कारण नाही. पाळकसाहेब ते ऐकून सहानुभूतीने मान हलवतात. मात्र पाडव्याच्या आगेमागे नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक यात्रेची सुपारी द्यायला येतात, त्या दिवसांत आमच्यापैकी कोणी रात्री अकराला त्याच वाटेने परतताना दिसला, तर बिबट्याने त्याला अडवल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

प्रभूने शास्त्री-परूशांना डास गाळून उंट गिळण्याबद्दल बोल लावला. आम्ही डास मूठमूठ गिळतो हे कबूल. पण उंट आम्ही कधी गिळलेला नाही, याची नोंद व्हावी. (आमच्या भागात तो सहसा मिळत नाही, हा भाग वेगळा.)

दान मात्र आम्ही नोंदवून ठेवतो. ती या भूमीची रीतच आहे; क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने 46 व्या वर्षी मानमोडीच्या डोंगरात पोढी (पाण्याचे टाके) आणि मंडप दिला, तो शिलालेख अजून वाचता येतो, तसे आमच्या देवळातल्या बाकांवरही दात्यांची नावे रंगवलेली आहेत. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आमच्याच तालुक्यातला. त्यामुळे शुभवर्तमानातले जकातदार आम्हाला नात्यातलेच वाटतात. त्यांपैकी जक्कयाने फसवणुकीचे चौपट परत करण्याचे जे बोलून दाखवले, तेवढा भाग सुगीच्या आधी वाचनात येऊ नये, अशी काही तजवीज झाल्यास उपकार होतील.

देव पापे समुद्राच्या तळाशी टाकील असे मीखा संदेष्ट्याने लिहून ठेवले आहे, आणि त्यावर आमची भिस्त आहे. परंतु शेजारच्या तालुक्याचा अनुभव मनाला स्वस्थता लाभू देत नाही. आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेरी घोडेगावास आहे, तरी दप्तरात तालुक्याचे नाव आंबेगावच. आपल्याकडेही हाच रिवाज असल्यास कृपा करून आगाऊ कळवावे.

आज शनिवार. टेम्पो पहाटे चारला येतो आणि सहा क्रेटांचा वरचा थर लावायचा राहिला आहे. तेवढे उरकले, की आंघोळ करून उपासनेला हजर राहतो.

आपला नम्र,
एक रयत