खलनायकाची गुडघेदुखी

पूर्वी अद्भुतकथेतला राजपुत्र दिसायला देखणा आणि वागायला धुतल्या तांदळासारखा असे. आता असा कुणी पहिल्या प्रकरणात अवतरला, की याचं मुंडकं लवकरच उडणार, हे वाचक ओळखून असतो. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये (१९९६) जेमी लॅनिस्टर एका पोराला मनोऱ्याच्या खिडकीतून ढकलून देतो. तिसऱ्या खंडात त्याचा हात तुटतो आणि आपण चक्क हळहळतो. पोराचे पाय कायमचे गेले, त्याचं काय? असू दे.

जो अॅबरक्रॉम्बी यांनी तर कहरच केला. ‘द ब्लेड इटसेल्फ’मधला (२००६) ग्लोक्टा एके काळी तलवारबाजीतला विजेता. शत्रूच्या कैदेत त्याचे दात गेले, पाय निकामी झाला. आता छळाचा तोच उद्योग तो सरकारी पगारावर करतो. त्याचा खरा वैरी मात्र जिना! पायरीगणिक तो मनातल्या मनात असे कडवट विनोद करतो, की खुर्चीला बांधलेल्या माणसाकडे आपलं लक्षच जात नाही. छळणाऱ्याच्या मनातलं सगळं ऐकू येतं, छळल्या जाणाऱ्याच्या नुसत्या किंकाळ्या. बाजू कुणाची घेणार? गुडघेदुखीवाल्या वाचकाला तर तो घरचाच वाटतो.

नकलाकारांना यातलं रक्त जमतं, शिव्या जमतात; विनोद काही केल्या जमत नाही. त्यांचा नायक पानंच्या पानं कपाळाला आठ्या घालून चिखल तुडवतो. याला म्हणे वास्तववाद! ड्रॅगन तेवढे सोडा.

ग्लोक्टा जरूर वाचा. नकलांवर पैसे घालवू नका.